साठ की आठ? १,२९९ रुपयांच्या इअरबड्सचं एक प्रकरण

गेल्या डिसेंबरात भिवंडीच्या एका गोदामातून साठऐवजी आठ खोकी निघाली आणि आमच्या घरात इअरबड्सचा विषय सुरू झाला.

माझी भाची डोंबिवलीला राहते आणि परळला एका औषध वितरकाकडे काम करते. दुकानदारांच्या मागण्या घ्यायच्या, गोदामाला कळवायच्या, गाडी कुठे अडकली ते विचारायचं, असं दिवसभर फोनवरचं काम. त्यातलं बरंचसं ती सकाळी लोकलमध्येच उरकते. त्या दिवशी ठाणं सुटल्यावर तिने गोदामातल्या माणसाला ‘साठ खोकी’ सांगितलं. त्याने आठ ऐकलं, आठ लिहिलं, आठ पाठवली. संध्याकाळी साहेबांनी दोघांनाही झापलं. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते.

रात्री तिचा फोन आला. “मामा, मी साठच म्हटलं होतं. शपथ! आणि हल्ली सगळेच म्हणतात, तुझा आवाज विहिरीतून येतो म्हणून. नवीन इअरबड्स आहेत रे, दोन महिनेसुद्धा झाले नाहीत.”

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो. ‘नीट ऐकू येत नाही’ ही तक्रार मी तीस वर्षं नोंदवून घेतली, त्यामुळे ती ऐकली की माझे हात शिवशिवतात. म्हटलं, रविवारी ये, खोकंही घेऊन ये. खोकं तिने टाकलं नव्हतं, ही मोठीच गोष्ट. पुढे ते दोनदा कामाला आलं.

खोक्यावरचा मजकूर

तिच्या नव्या फोनला वायरवाल्या इअरफोनचं गोल भोक नव्हतं आणि लेडीज डब्यात वायर कुणाच्या तरी पर्सच्या चेनमध्ये अडकतेच. म्हणून दिवाळीच्या सेलमध्ये दीड हजाराच्या आतले बिनवायरचे घ्यायचं ठरलं. छापील किंमत ४,९९०, सेलमध्ये १,२९९. (४,९९० ला ही वस्तू विकत घेतलेला माणूस मला अजून भेटायचाय.) खोक्यावर ठळक अक्षरांत पाच गोष्टी होत्या: ४० तास प्लेटाइम, १३ एमएम ड्रायव्हर (म्हणजे आतला इवलासा स्पीकर), ईएनसी, आयपीएक्स ५ (पाणी किती सोसेल त्याचं मानांकन) आणि गेम मोड.

मी विचारलं, “यातलं तू कशासाठी घेतलंस?”

“ईएनसी. नॉइज कॅन्सलेशन ना ते? गाडीत शांत वाटेल म्हणून.”

घोळाचं मूळ इथेच होतं. नॉइज कॅन्सलेशन या नावाखाली दोन वेगळी कामं खपतात. एएनसी, म्हणजे अॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन, आपल्या कानासाठी असतं: बाहेरचा आवाज माइकने टिपायचा आणि त्याच्या उलट लहर कानात सोडून तो मारायचा. ईएनसीमधला ‘ई’ एन्व्हायर्न्मेंटलचा. ते पलीकडच्या माणसासाठी असतं. आपण बोलताना आपल्या मागचा गोंगाट त्याच्यापर्यंत कमी जावा, एवढंच त्याचं काम. आपल्या कानाला त्याचा शून्य उपयोग. खोक्यावर खोटं एक अक्षर नव्हतं. तिने स्वतःच्या कानासाठी जे घेतलं, ते गोदामातल्या माणसाच्या कानासाठी होतं आणि त्याच्याही कामाला ते आलं नाही. उलट साठचे आठ या ईएनसीनेच केले असावेत, असा मला संशय होता.

स्वयंपाकघरातली चाचणी

संशय तपासायला फार काही लागलं नाही. तिला स्वयंपाकघरात बसवलं, मी गच्चीवर गेलो, दार लावून घेतलं. तिने माझ्या फोनवर कॉल करून वीस शब्द वाचायचे आणि मला जे ऐकू येईल ते मी कागदावर लिहायचं. शब्दांत साठ, आठ, सात, शंभर, सहा आणि फसवायला ‘फार’ आणि ‘सार’. प्रत्येक फेरी दोनदा, एकदा शांततेत आणि एकदा मिक्सर लावून. बायकोने विचारलं, “मिक्सरमध्ये काय घालू?” म्हटलं, चटणी कर, वाया नको जायला.

शांततेत इअरबड्सवरून सगळे शब्द कळले, पण आवाज पातळ आणि डब्यात बसल्यासारखा. मिक्सर सुरू झाल्यावर गंमत झाली. मिक्सर मला जवळजवळ ऐकूच येईना, म्हणजे ईएनसी आपलं काम चोख करत होतं. पण ‘साठ’ मी पुन्हा पुन्हा ‘आठ’ लिहिलं, ‘सार’ आणि ‘फार’ तर निव्वळ अंदाजाने. मग तिने तेच शब्द फोन कानाला लावून वाचले. मागे मिक्सर धडधडत होता, कानाला त्रास होत होता, पण साठ तो साठच राहिला.

याचं कारण मी तिला माझ्या जुन्या धंद्याच्या भाषेत सांगितलं. ‘स’, ‘श’, ‘फ’ हे आवाज म्हणजे मुळात फुसफुस. गळ्यातला सूर त्यांत नसतो, नुसती हवा घासत जाते. गोंगाट ओळखून कापणारं स्वस्त गणित या फुसफुशीलाही गोंगाट समजतं आणि छाटतं. ‘साठ’मधला ‘स’ छाटला की काय उरतं, ते भिवंडीला कळलं होतं.

दुसरं कारण ब्लूटूथच्या रचनेतच आहे आणि ते बहुतेकांना ठाऊक नसतं. गाणं ऐकताना फोन एकाच दिशेने, चांगल्या रुंद वाटेने आवाज पाठवतो: सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, आणि आवाज दाबून पाठवायच्या साध्या एसबीसी पद्धतीतही सेकंदाला ३०० किलोबिटच्या आसपास. कॉल आला की ही वाट बंद होते आणि हँड्सफ्रीची दुसरी वाट उघडते. तिच्यात आवाज दोन्ही दिशांनी न्यायचा असतो, म्हणून वाटणीला ६४ किलोबिट येतात. जुन्या पद्धतीत नमुने सेकंदाला ८,०००, सुधारित पद्धतीत १६,०००. आता ८,००० नमुने आणि ६४ किलोबिट म्हणजे हुबेहूब आमच्या एक्स्चेंजची डिजिटल लाइन! ३०० ते ३,४०० हर्ट्झची ती पट्टी. ‘स’चा जीव त्या पट्टीच्या वर असतो, म्हणून तर आम्ही ऑपरेटर आकडा सुटा सुटा सांगायचो. साठ म्हणजे सहा-शून्य.

आजचा व्होल्टीई, म्हणजे ४जीवरचा, कॉल ७,००० हर्ट्झपर्यंत आवाज नेतो. म्हणजे मोबाइलचं जाळं पुढे गेलं आणि भाचीने १,२९९ रुपये मोजून शेवटचा हातभर रस्ता पुन्हा माझ्या काळातला करून घेतला. बऱ्याच महागड्या इअरबड्सनाही हँड्सफ्रीची ही अरुंद वाट चुकलेली नाही. पण त्यांत सुधारित पद्धत, जास्त माइक आणि बरं गणित असतं. स्वस्तात नेमका यावरच हात आखडता घेतात, कारण दुकानात उभा राहून कुणी स्वतःचा आवाज पलीकडे कसा जातो ते ऐकत नाही. गाणं लावून बघतात. गाणं मात्र यावर खरोखर छान वाजत होतं, बास जरा जास्तच. १३ एमएम ड्रायव्हरची कमाई ती. तोंडाला माइक किती जवळ, हे खोक्यावर कुणी छापत नाही. बडचा माइक कानापाशी, तोंडापासून वीतभर लांब. वायरवाल्याचा माइक चिमटीत धरून ओठांजवळ आणता येतो.

लॅपटॉपवरच्या मीटिंगचं कोडंही यातून सुटलं. तिची तक्रार होती की मीटिंग सुरू झाली की सगळ्यांचा आवाज ‘रेडिओसारखा’ होतो. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचाच निवडला आणि बड्स फक्त ऐकायला ठेवले. हँड्सफ्रीची वाट उघडलीच नाही, आवाज लखलखीत झाला. एक पैसा खर्च नाही.

गर्दीत तुटणारा आवाज

दादर जवळ आलं की गाणं तुटतं, ही तिची दुसरी तक्रार. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्टीत चालतं, तिथेच वायफायही चालतं आणि डब्यातल्या इतर साऱ्या बायकांचे इअरबड्सही. आवाज ७९ कप्प्यांतून सेकंदाला १,६०० उड्या मारत वाट काढतो, म्हणून एरवी निभावतं. पण ही लहर पाण्यात शोषली जाते आणि माणूस म्हणजे पाण्याचा हंडा. खोक्यावर छापलेला १० मीटरचा पल्ला मोकळ्या मैदानातला. हिचा फोन डाव्या खांद्यावरच्या पर्सच्या तळाशी आणि पर्स दोन बायकांच्या मधे चेपलेली. फोन कुर्त्याच्या वरच्या खिशात ठेवायला लागल्यापासून तक्रार जवळजवळ संपली. याला मी इअरबड्सचा दोष मानत नाही.

टचचं मात्र वैताग आणणारं. केस मागे सारताना बोट लागलं की कॉल कट. एकदा साहेबांचाच झाला. टच बंद करायची सोयच नव्हती.

आवाज किती मोठा

ही गोष्ट ती तक्रार म्हणून घेऊन आली नव्हती, मला दिसली. गाडीत तिचा आवाजाचा पट्टा शेवटाला टेकलेला असायचा. ईएनसीने शांतता मिळेल ही अपेक्षा, ती मिळाली नाही, म्हणून गाडीचा खडखडाट झाकायला आवाज वर. जागतिक आरोग्य संघटनेचं सुरक्षित ऐकण्याचं माप असं आहे: ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ९० डेसिबलला आठवड्याचे ४ तासच उरतात. हिचा प्रवास जाऊन-येऊन रोज अडीच-पावणेतीन तासांचा.

उपाय खोक्यातच होता. रबराच्या टोप्यांच्या आणखी दोन जोड्या, लहान आणि मोठी, प्लास्टिकच्या पुडीत न उघडलेल्या. बडवर आलेली मधली टोपी तिच्या उजव्या कानात सैल बसत होती. मोठी लावली. बाहेरचा आवाज आपोआप दबला, बास भरला आणि पट्टा दोन-तीन घरं खाली आला. डाव्या कानात मधलीच बरी निघाली. दोन कान एका मापाचे असतातच असं नाही.

“हे आधी कुणी सांगितलं नाही,” ती म्हणाली. माहितीपत्रकात चित्र होतं.

पावसाळा आणि डावा बड

इथपर्यंत प्रकरण निभावलं होतं. गोदामाचे फोन ती कानाला फोन लावून करू लागली, गाणी इअरबड्सवर. जुलैत डावा बड आचके द्यायला लागला. ऑफिस सुटायच्या आतच ‘बॅटरी लो’, उजवा चालूच.

पुन्हा रविवार. दोन्ही बड त्यांच्या चार्जिंगच्या डबीत रात्रभर ठेवले, सकाळी बाहेर काढून मध्यम आवाजात एक लांबलचक गाण्यांची यादी लावली आणि घड्याळ घेऊन बसलो. उजवा ४ तास ५० मिनिटं चालला. डावा ३ तासांच्या आत गेला. खोक्यावर ४० तास! पण ते ४० म्हणजे बडचे ८ आणि डबीतून चार वेळा भरून घेतलेले आणखी ३२, तेही आवाज निम्म्यावर ठेवून. बारीक अक्षरांत तसं छापलंही होतं. कानात एका दमात ४० तास कधीच नव्हते. नवे असताना तिला सहाच्या आसपास मिळायचे.

उजव्याची घट वयाप्रमाणे होती. बडमधला लिथियमचा सेल चाळीसेक मिलीअँपिअर-अवरचा, फोनच्या सेलच्या शंभरावा हिस्सा. असा सेल साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण भरून-रिकामा झाला की क्षमता ८० टक्क्यांवर येते, असा ढोबळ हिशेब असतो. रोज एकदा रिकामा करणाऱ्या माणसाचं ते वर्ष-दीड वर्षात येतं. वर बाहेर नसेल तेव्हा तो डबीत, शंभर टक्के भरलेला आणि पर्सच्या उबेत; लिथियमला या दोन्ही गोष्टी मानवत नाहीत. आणि सेल बदलता येत नाही, कारण बड गोंदाने चिकटवलेला. फोनची बॅटरी गल्लीतला दुरुस्तीवाला बदलून देतो. याला तो हातही लावत नाही.

पण डाव्याचं काही निराळंच होतं. भिंग घेऊन डबीत पाहिलं. डाव्या खोबणीतल्या दोन पितळी पिनांपैकी एकीवर हिरवट बुरशीसारखा थर.

“पावसात घालतेस?”

“आयपीएक्स ५ आहे ना!”

आयपीएक्स ५ खरं होतं, बडचं. ६.३ मिलिमीटरच्या नळीतून मिनिटाला साडेबारा लिटर पाण्याचा फवारा निदान ३ मिनिटं सोसायचा, अशी ती चाचणी. गोडं पाणी, कोरी करकरीत वस्तू. मधल्या ‘एक्स’चा अर्थ धुळीची चाचणी झालेली नाही. आणि हे सगळं बडपुरतं. डबीला कसलंच मानांकन नव्हतं. डोंबिवली स्टेशनवरून रिक्षाच्या रांगेत भिजायचं, डावा बड काढायचा (रिक्षावाल्याशी बोलायला नेहमी डावाच), आणि ओला तसाच डबीत टाकायचा. डबी लगेच चार्जिंग सुरू करते. ओल्या पिनेवर वीज आली की धातू झिजून हिरवा पडायला किती वेळ लागतो, हे टेलिफोनच्या खांबावरची जोडणी पावसाळ्यात पाहिलेल्या माणसाला विचारा.

म्हणजे डावा बड मेला नव्हता, पुरता भरतच नव्हता. आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि कान कोरायच्या कापसाच्या काडीने पिना पुसल्या, बडमागचे ठिपकेही पुसले. जाळीवरचा मळ जाळी खाली धरून कोरड्या ब्रशने काढला. पुढच्या रविवारी डावा ४ तास १० मिनिटं चालला. पण तीन आठवड्यांत पिन पुन्हा हिरवी. मुलामा एकदा गेला की आतला धातू उघडा पडतो, मग पुसणं हे नुसतं मलम.

वॉरंटी

वॉरंटी वर्षाची होती, नववा महिना चालू होता. सात दिवसांची बदलून द्यायची मुदत केव्हाच उलटलेली. मजेची गोष्ट अशी की या प्रकरणातला एकही दोष सात दिवसांत दिसण्यासारखा नव्हता. तिने घेताना वाचलेले अभिप्राय मी परत चाळले. पाच तारे देणारे बहुतेक पार्सल आलं त्याच आठवड्यातले: डिलिव्हरी फास्ट, बास मस्त. ‘सहा महिन्यांनी लिहितोय’ अशी सुरुवात असलेले मोजके, आणि डाव्या-उजव्याची कटकट त्यांतच.

कंपनीकडे ऑनलाइन तक्रार केली. बिल आणि खोक्यावरचा नंबर मागितला, दोन्ही होतं. उत्तर आलं: पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. आयपीएक्स ५ छापून विकलेली वस्तू, आणि पाणी वॉरंटीबाहेर! आम्ही खोक्याच्या त्या बाजूचा फोटो जोडून परत लिहिलं. डबीला मानांकन नाही हे खोक्यावर कुठेही स्पष्ट नाही, असंही लिहिलं. दहा दिवस सामसूम. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. फोनवर पंधरा मिनिटं गेली, पैसे काही लागले नाहीत. पुढच्या आठवड्यात कंपनीचाच फोन आला, “मॅडम, आपकी डबी और लेफ्ट बड रिप्लेस कर देंगे.”

आले, पण त्यात वेगळीच गंमत. नवा डावा आणि जुना उजवा एकमेकांना ओळखेनात. रीसेट करून जुळवले तर नवा डावा जास्त मोठ्याने वाजतो आणि उजवा त्याच्या दीड तास आधी मान टाकतो. जोडीतला एकच बदलला की असंच होणार.

दादरला स्टेशनबाहेर तिने ४४९ रुपयांचा टाइप-सीचा वायरवाला घेतला. घेताना दुकानात उभं राहून मला फोन लावला आणि “साठ, सात, सार” म्हणून दाखवलं. दुकानदार तिच्याकडे बघत राहिला असणार. गाणी अजून इअरबड्सवर, कामाचे फोन वायरवर. गर्दीत वायर अडकते, ती शिव्या घालते, सोडवते.

परवा सकाळी गाडीतून फोन आला. “मामा, ओळख, कशावरून बोलतेय?”

“वायरवाल्यावरून.”

“कसं कळलं?”

“मागे ‘पुढील स्टेशन घाटकोपर’ ऐकू आलं.”